तीन दिवसांचा पाहुणचार

मोठ्या शहरातली सुट्टी संपली होती. परतीच्या बसच्या रांगेत एका नर्सबाईंच्या पुढे नणंद-भावजय उभ्या होत्या. भावजयीने नुकताच फोन ठेवला.

“वन्सं, तुमची मैत्रीण होती. तीन दिवस फोन लावतेय म्हणे, आज कुठे लागला. विचारते, अजून कशा आला नाहीत?”

“अगं, तिच्याकडेच तर राहिलो!”

“ती म्हणते, स्टँडवर आपण तिला भेटलोच नाही.”

“मग मला मिठी मारली ती कोण?”

“तुम्हीच ओळखलंत ना?”

“चाळीस वर्षांनी चेहरा कुठे तसाच राहतो! शाळेच्या आठवणी मीच सांगायचे. ती नुसती ‘हो, हो’ करायची.”

“निघताना कानात काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘आधीच्या पाहुण्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.’”

रांग पुढे सरकली. ‘पुढे व्हा’ म्हणायचं सोडून नर्सबाईंनी कान आणखी पुढे केला.