चार कोंबड्या व साडीवरील अकरा रेघांबाबत

नाव: जयाबाई भरमू सातपुते. वय ५८. धंदा: मागासाठी सुताच्या कांड्या भरणे. राहणार वडगाव, बेळगावी.

आज गुरुवार, दि. १६ जानेवारी २०२५ रोजी मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते ती हकीकत अशी.

मी एकटी राहते. घरातील माग पती चालवीत असत. तो दोन वर्षांपासून बंद आहे. त्याच सुमारास मी परसात चार कोंबड्या आणल्या. कारण विचारल्यावरून सांगते की, घरात आवाज नव्हता. शेजारच्या मागांचा आवाज येतो, पण तो शेजारचा.

तक्रारदार कल्लाप्पा माझे शेजारी. आमची भिंत एक आहे. त्यांचे चार विजेचे माग सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत चालतात. माग चालू असता आमच्या गल्लीत कोंबडीच काय, दारावरची थापही ऐकू येत नाही.

गुरुवारी, दि. ९ रोजी लाईन दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद होती. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी एका कोंबडीने अंडे घातले व ओरडली. कल्लाप्पा भिंतीवरून डोकावले.

"जयाक्का, कोंबडी आणलीस व्हय?"

"आत्ता न्हाय, अण्णा. दोन वरसं झाली."

"दोन वरसं? मग मला कशी ऐकू आली न्हाय?"

"तुमचं माग बंद कुठं असत्यात?"

"म्हंजे दोन वरसं तू मला फसवलंस!"

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. कोंबडी ओरडते का ते ऐकण्यासाठी चालू माग मधेच बंद करू लागले. माग बंद केला की भिंतीला कान लावत. मी परसातून "आत्ता न्हाय वरडली, अण्णा" असे सांगत असे. त्यांना ते पटत नसे.

मंगळवारी त्यांच्या एका साडीवर आडव्या रेघा उमटल्या. रेघा कोंबड्यांमुळे आल्या, अशी त्यांची तक्रार आहे. साडी मला दाखवण्यात आली. अकरा रेघा आहेत. चालू माग थांबवून परत सुरू केला की कापडावर अशी रेघ येते, हे वडगावात लहान पोरालाही ठाऊक आहे. अंडे घातल्यावर कोंबडी ओरडते. चार कोंबड्या एका दिवसात अकरा अंडी घालत नाहीत.

परसात कोंबडा नाही. होता तो आरवू लागण्याआधीच उचगावला नणंदेकडे दिला. मोरी मी रोज धुते. खत कढीपत्त्याला जाते. खळ लावलेल्या सुताला झुरळे लागतात. आमची दोघांची मोरी एकच आहे. कोंबड्या आल्यापासून तेथे झुरळ नाही. कल्लाप्पांच्या सुताला या दोन वर्षांत झुरळ लागले का, हे त्यांनाच विचारावे.

ते येथेच बाकावर बसले आहेत.

हवालदार कुमार म्हणाले, "मावशी, कोंबड्या उचगावला सोडून या, विषय मिटवा." मी सांगितले की, एक कोंबडी खुडूक आहे. उचगावहून आणलेल्या नऊ अंड्यांवर बसली आहे. आज सतरावा दिवस. हलवली तर ती उठेल व अंडी वाया जातील. सोमवारी पिले निघतील. बाकी तीन मी आज नेते. हिला चार दिवस मिळावेत.

यावर कल्लाप्पा बाकावरून उठले.

"तिन्ही कशाला न्हेतीस? मग माझ्या सुताचं काय?"

हवालदार म्हणाले, "अहो, मग तक्रार मागे घ्या की."

"लिहून झालीया न्हवं? गल्लीत सांगून आलोय. एक तरी गेलीच पायजे. जी वरडती ती न्या."

हवालदारांनी मला विचारले की, ओरडणारी कोणती. खुडूक कोंबडी आवाज करत नाही, त्यामुळे ती नव्हे. बाकी तिघींपैकी कोणती ओरडली ते मला माहीत आहे. ते मी सांगणार नाही. हवालदारांनी दोनदा विचारले. कल्लाप्पांनी एकदा विचारले. माझे उत्तर तेच आहे.

वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितला तेवढा व तसाच आहे.

समक्ष,
सही: जयाबाई भरमू सातपुते