अजून वाळलं नाय

नाही, मला एक सांगा, एक पुस्तक परत मागायला माणसानं एकाच घराच्या पायऱ्या चढायच्या तरी किती वेळा? आणि पुस्तक तरी माझं कुठंय, वाचनालयाचं! महाडकडच्या कापडे गावाच्या अलीकडे आमची वाडी, वाडीत एक कौलारू खोली, खोलीत एक कपाट, तेच आमचं वाचनालय, आणि ते चालवते मी, सेजल, महाडच्या कॉलेजातून बी.ए. झालेली आणि वाडी सुधारल्याशिवाय लग्न नाही म्हणून आईची बोलणी खाणारी. कपाट आहे, कुलूप आहे, किल्ली माझ्या गळ्यात आहे... पुस्तकं नाहीत! कुठं गेली? लोकांच्या चुलीवर. हसू नका, खरंच चुलीवर.

तुम्हाला सांगते, एकवीसच्या जुलैत आपल्याकडं काय झालं ते मी नव्यानं सांगायला नको. दरडीखाली गेलेल्या तळीयेचं नाव निघालं की अजूनही वाडीत माणसं डोंगराकडं बघतात. आमच्याकडं माणसं सुखरूप राहिली, पण ओढा खोलीत शिरला आणि पुस्तकं पावासारखी फुगली. बाहेर ऊन नाही, घरात वीज नाही, आणि मी पायरीवर बसून रडतेय. तेव्हा कोंडाजीआबांची बायको, राहीआजी, पदर खोचून आली आणि म्हणाली, "रडतेस काय गो? सुकट धुरावर टिकते, मग पुस्तकाला काय झालं?"

आमच्याकडं पावसाळ्यात चुलीवर बांबूच्या कामट्या टांगलेल्या असतात, ओलं लाकूड, मिरच्या, सुकट, सगळं तिथंच वाळतं. तिथं पुस्तकं चढली, घरटी एखाद-दुसरं. आणि मी प्रत्येकाला बजावलं, पान न् पान रोज उलटायचं, नाहीतर चिकटून वीट होईल. आता तुम्हीच सांगा, लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही, बाहेर धो धो लागलेला, पुढ्यात उघडं पान... माणूस नुसतं उलटत किती वेळ बसणार? नजर जातेच की! ज्यांनी जन्मात वाचनालयाची पायरी चढली नव्हती ते वाचायला लागले. संध्याकाळी गल्लीतून गेलं की कौलांतून धूर आणि दारांतून वाचण्याचे आवाज. कुणी अडखळत, कुणी कीर्तनकारासारखं, कुणी बोट ठेवून. काय दिवस होते हो ते! अजून कुठं चूल फुंकली की मला शाईचा वास येतो.

मग ऊन पडलं, आणि मी शहाणी, पिशवी घेऊन पुस्तकं गोळा करायला निघाले.

पहिलं घर कुशाबाकाकांचं. त्यांच्याकडं रहस्यकथा. तिची पुढची पानं चिकटली ती चिकटलीच, म्हणून गडी मागून वाचतो. खून कुणी केला ते त्यांना तोंडपाठ, मेलं कोण ते ठाऊक नाही. मी म्हटलं, काका, द्या आता. तर पुस्तक कानाशी नेऊन हलवलं, नारळ बघतात तसं, आणि म्हणाले, "थांब गो. अजून वाळलं नाय."

दुसरं घर चंपाबाईंचं. चंपाबाईंना वाचता येत नाही, त्या वाल सोलतात आणि सून रेश्मा वाचून दाखवते. काय ती कादंबरी! कजाग सासू, गरीब सून, रोज नवं भांडण. चंपाबाई मधेच ओरडतात, "सासूचं काय चुकलं?" मी एकदा मागून डोकावले, तर रेश्माच्या हातात मधमाशीपालनाची माहिती! राणीमाशीची तिनं सासू केली होती, आणि पेटीतला सगळा मध सून गोळा करत होती. मी तोंड उघडलं, तर रेश्मानं डोळे मोठे केले आणि सासूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कशी देऊ ताई? अजून वाळलं नाय."

अहो, मधे किती उन्हाळे गेले! चवदार तळ्याच्या पायरीवर बसून अभ्यास केलेली मी, ज्ञान सर्वांचं असतं वगैरे भाषणं देणारी, आणि माझ्याच वाडीत ज्ञान सर्वांच्या चुलीवर!

कोंडाजीआबांकडं मात्र मी दोनदाच गेले. ते राहीआजीला वाचून दाखवायचे, एका जहाजाच्या सफरीची गोष्ट. आजी जन्मात रेवदंड्यापलीकडं गेली नाही, पण संध्याकाळी विचारायची, "आज कुठल्या बंदराला लागलं?" परवाच्या थंडीत आजी गेली. त्यानंतर मी गेले तर आबा माझ्याकडं न बघताच म्हणाले, अजून वाळलं नाय. मी पिशवी घडी करून परत आले.

आणि नेमकं यंदा शिमग्याला संकट आलं. पालखी नाचवून झाली, सगळे चाकरमानी जमले, आणि सभेत मुंबई मंडळाचा सेक्रेटरी दीपेश उभा राहिला. म्हणे, "कपाट खालीच है ना? आजकाल कोण वाचतंय यार. खोलीत आपण डीजेचे बॉक्स ठेवू." मी वाचनसंस्कृतीवर तावातावानं बोलले. दीपेशनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे, पण बुक्स कुठंयत?" काय सांगणार? चुलीवर? मतासाठी हात वर करा म्हणायची वेळ आली, आणि मी मान खाली घातली.

तेव्हा कोंडाजीआबा उठले. टॉवेलात गुंडाळलेलं पुस्तक बाहेर काढलं, धुरानं पिवळं पडलेलं. म्हणाले, "दीपेश, राही गेली तवा शेवटचं बंदर ऱ्हायलेलं. मी तिथवर येतो आन परत पयल्यापासून लावतो. पण कधीतरी संपंलच. संपलं की हे परत आणून द्यायचं हाय. खोलीच नसंल तर कुठं देऊ?"

मग कुशाबाकाका घराकडं गेले आणि त्यांची वीट घेऊन आले. रेश्मा आली, मागून एकेक जण येत गेलं. देवळासमोर धुराचा वास पसरला. दीपेशनं डोळे पुसले, खोली राहिली. मी आनंदानं कपाट उघडायला धावले, आणि वळून बघते तर सगळे आपापली पुस्तकं बगलेत मारून घरी निघालेले!

बरं, दीपेश मनाचा चांगला. मे महिन्यात त्यानं मुंबईहून खोकाभर नवी पुस्तकं पाठवली. काय ती चकचकीत! मी घरोघर जाऊन सांगितलं, या, न्या, वाचा. सगळे आले, काचेतून बघितली, आणि चंपाबाई म्हणाल्या, नको गो, नवी हायत, आमच्या हाताचे डाग पडतील. जून उजाडला तरी एकही हललं नाही.

मग काय करणार? खोलीच्या कोपऱ्यात एक कौल फुटलंय. मी कपाट सरकवत सरकवत बरोबर त्याच्या खाली नेलं आणि दारं उघडी टाकली.

काल दीपेशचा फोन आला होता, लोक वाचतात का नवी बुक्स? म्हटलं, वाचतात की, कपाट पार रिकामं झालंय. म्हणाला, मग परत कधी देणार?

म्हटलं, दीपेशदादा, घाई करू नकोस. अजून वाळली नाहीत.