चंपाषष्ठीच्या भरतातला कांदा

टाळ जरा थांबवा हो! मंडळी, एक विचारतो. देवाच्या ताटात एखादी वस्तू कमी पडली, तर देव रागावतो का? काय काकू, मान नुसती डोलवू नका, हो की नाही ते सांगा! नाही येत? मग ऐका!

माणदेशातलं एक खेडं. तिथं खंडोबाचं ठाणं. चार महिने गावात कांदा-वांगं बंद! चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडगा, आणि भरतात नव्या पिकाची कांद्याची पातच हवी. जुना कांदा? छे! तो गेल्या सालचा, देवाला शिळा! नैवेद्याचा मान पारूबाईच्या घराचा, तीन पिढ्यांचा. त्यात चूक झाली, की मान शेजारच्या जोत्याजीकडे जायचा. गावानं ठरवलेलंच होतं तसं.

षष्ठीच्या सकाळी पारूबाईची सून सगुणा वांगी भाजून परसात गेली, तर — शेळी सुटलेली! पातीचा वाफा साफ! शेळीला कसली आलीय षष्ठी?

धावली जोत्याजीकडे. "तात्या, मूठभर पात द्या वो!"

"सरली गं पोरी."

सरली म्हणे! आणि मागं वाफा हिरवागार! काय म्हणावं या माणसाला?

घरी सासू म्हणाली, "जुना कांदा चीर बारीक. वर कोथमीर घाल दाबून. कुणाला कळतंय?"

"आत्याबाई, देवाला फसवायचं?"

"मान गेला तर मी कुठं तोंड दावू गं?" म्हातारी रडायलाच लागली. सगुणेनं कांदा चिरला.

देवळात गाव जमलं. तळी उचलायला पाच जण बसले, त्यात जोत्याजी. गुरवानं ताटावरचं फडकं काढलं — "वा! पात काय हिरवीगार!"

सासूनं सुनेचा हात दाबला. गप ऱ्हा! सगुणेनं देवाकडं बघितलं. बोलावं तर मान जातो, गप्प बसावं तर देव समोर बसलाय! तुम्ही काय केलं असतं?

"गुरवकाका, ती पात न्हाई. जुना कांदा हाय. वर कोथमीर."

गुरव तडकला, "अगं, मागायची हुतीस कुणाकडं तरी!"

"मागितली हुती."

"मग? कोण न्हाई म्हनलं?"

मंडळी, मार्गशीर्षाची थंडी, आणि जोत्याजीला घाम! नाव घ्यायचाच अवकाश!

सगुणा म्हणाली, "चूक माजी. मान काढा. पर माज्या सासूला बोल लावू नका."

नाव घेतलं नाही हो! घेतलं नाही!

"मग मान जोत्याजीचा," गुरव म्हणाला. "धर ताट."

जोत्याजीचा हात काही पुढं होईना. सगळं गाव बघतंय. शेवटी उठून उभा राहिला — "माज्या वाफ्यात हुती पात! ही दारात आली, मी खोटं बोललो. मान नगं मला. हेच भरीत ठेवा देवाम्होरं!"

गुरवानं ठेवलं. जुन्या कांद्याचं भरीत! तळी उचलली, भंडारा उधळला, येळकोट येळकोट झाला. मान पारूबाईच्याच घरी राहिला.

हसताय? जोत्याजीला हसताय? शेजारीण वाटी घेऊन आली, की डबा मागं सारून "संपलं हो" कोण म्हणतं? मी नावं घेत नाही. सगुणेनंही घेतली नव्हती. पण ज्याला आत्ता एखादं दार आठवलं असेल, त्यानं उठावं आणि आधी तिथं जाऊन यावं. आरतीला आम्ही थांबतो.