चौकटीत आवळलेला पडदा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संचालक मंडळी, पहिल्या रांगेत बसलेले ताईंचे कुटुंबीय, आणि चहा येईपर्यंत मला सहन करायचं ठरवून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आमच्या संशोधन विभागाच्या प्रमुख, आम्हा सगळ्यांच्या ताई, ‘प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने’ निवृत्त होत आहेत, असं निमंत्रणात छापलंय. ताईंची प्रकृती? लिफ्ट बंद पडली की आपण जिन्यात धापा टाकत असतो, तेव्हा त्या वर पोहोचून कामाला लागलेल्या असतात! आणि स्वेच्छा नेमकी कोणाची, हे अध्यक्ष महोदय माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. रागावू नका साहेब, निरोपाच्या दिवशी खरं बोलायची पद्धत नाही, हे ठाऊक आहे मला.

घरच्या मंडळींसाठी थोडं सांगते. बॅटरीच्या दोन ध्रुवांमध्ये एक बारीक पडदा असतो. त्याच्या छिद्रांतून विजेचा भार वाहणारे कण ये-जा करतात, पण ध्रुव एकमेकांना शिवत नाहीत. शिवले की आग! ताईंचे यजमान, आमचे काका, याला ‘दोन भांडकुदळ जावांमधली भिंत’ म्हणतात. ताईंनी उभं आयुष्य ही भिंत बांधण्यात घालवलं.

यंदा फर्मान निघालं, रुग्णांच्या ऑक्सिजन यंत्राची बॅटरी आणखी लहान हवी. म्हणजे पडदा पातळ करा, तापल्यावर त्याला आक्रसू न देणारा सिरॅमिकचा लेप काढून टाका. आक्रसतो का ते पाहायला तसा पडदा भट्टीत तापवला आणि तो पास झाला. टाळ्यासुद्धा झाल्या! ताईंनी दार उघडून पाहिलं, तर पडदा चारही बाजूंनी चौकटीत घट्ट आवळलेला. आक्रसणार कुठे बिचारा?

“चौकट काढा, मोकळा ठेवा,” ताई म्हणाल्या. ठेवला. काही वेळातच कडा आत ओढल्या गेल्या आणि त्याचा चोळामोळा झाला. बॅटरीत त्याला धरून ठेवायला कोण बसलंय?

विक्रीप्रमुख म्हणाले, “अहो ताई, एवढ्याशा पडद्याचा किती बाऊ करायचा?”

“मग पहिली बॅटरी तुमच्या आईंच्या ऑक्सिजन यंत्राला लावू या,” ताई म्हणाल्या.

विक्रीप्रमुखांनी विषय बदलला. पडदा मात्र बदलला नाही, ताईंनाच बदललं! माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते हो. ज्या बाईने धोका दाखवला, तिच्याच हातात गुच्छ देऊन तिला दाराबाहेर काढायचं, आणि वर आपण टाळ्या वाजवायच्या?

ताईंच्या जागी माझी नेमणूक झाल्याचं थोड्याच वेळात जाहीर होईल. त्या पडद्याच्या मंजुरीवर पहिली सही माझी हवी, असंही सकाळी मला गोड शब्दांत सांगण्यात आलं. ती सही मी करणार नाही. इथे, सगळ्यांदेखत सांगते. खुर्ची दुसऱ्या कोणाला द्यायची असेल, तर खुशाल द्या.

ताई, तुम्ही आम्हाला काम शिकवलंत, आणि नाही म्हणायलाही. तुमचे मनापासून आभार. सभागृहातल्या सगळ्यांनी ऐकून घेतलं, त्यांचेही आभार. बोलण्याच्या भरात काही उणंअधिक झालं असेल, तर मोठ्या मनाने मला क्षमा करा. ज्यांच्या उशाशी ही बॅटरी ठेवली जाणार आहे, त्यांची क्षमा मागायची वेळ मात्र मी आपल्यावर येऊ देणार नाही.