आधी विचार, मग उतर

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती ओकांते पापा, त्यांच्या पत्नी नाआ देदे, आणि जहाजांना तासभर ताटकळत ठेवून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

पापांच्या चौतीस वर्षांच्या सेवेबद्दल मघाशी पुष्कळ बोललं गेलं. मी फक्त माझ्या पहिल्या दिवसाचं सांगते.

नऊ वर्षांपूर्वी मी टेमा बंदराच्या धक्क्यावर क्रेन चालवायला शिकायला आले. बारा-तेरा मजले उंच केबिन, शेजारी शिकवणारे पापा, पायाखाली काच आणि काचेखाली मुंगीएवढी माणसं! तेवढ्यात वारा सुटला आणि केबिन डुलू लागली. मी दांडा घट्ट धरला. म्हटलं, "पापा, मी उतरते. मी बाजारात मासे विकीन."

"खुशाल उतर, एसिनाम," पापा म्हणाले. "पण एवढी चढलीस, तर एक प्रश्न विचारून जा."

मी रडवेली होऊन विचारलं, "हे का हलतं?"

"मोडू नये म्हणून! वाऱ्यात माड डुलतो ना? ताठ उभा राहिला तर कोसळेल."

मग दोरखंड किती जाड, ब्रेक कुठला, वीज गेली तर काय? मी विचारतच सुटले. शेवटी पापाच म्हणाले, "पोरी, आता तरी उतर. मला भूक लागलीय!" नाआ देदे हसताहेत, म्हणजे हे घरी पोहोचलेलं दिसतं.

तीन महिन्यांनी मी पहिल्यांदा एकटीने कंटेनर उचलला. वाऱ्याने तो झोके घेऊ लागला. खाली माणसं पांगली. मी वायरलेसवर ओरडले, "पापा, काय करू?"

"मला काय विचारतेस? कंटेनर कुठे चाललाय ते बघ!"

मी पाहिलं. तो ज्या बाजूला जाई, त्याच बाजूला रुळावरची केबिन हळूच नेली. दोन झोक्यांत तो शांत झाला. ट्रकवर टेकला तेव्हा खालून टाळ्या ऐकू आल्या, आणि मग कुठे मी दांडा सोडला!

परवा मी पापांना विचारलं, "तुम्हाला कधी भीती वाटली नाही?"

ते म्हणाले, "रोज वाटते. पहिल्या शंभर पायऱ्या मी मनात गाणं म्हणत चढतो. कुणाला सांगू नकोस."

पापा, क्षमा करा, सगळ्या सभागृहाला सांगितलं. पण सोमवारी तीन नव्या मुली कामावर येताहेत. त्यांना हे कळायलाच हवं होतं.

बोलण्याची संधी दिलीत, ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तो दोष माझा. पापांनी मला तसं शिकवलेलं नाही.