ताईचे अंडे कोंबडीखाली

हॅलो?… हं ताई, बोल. उर्वशीच बोलून राह्यली. आई शेतात गेली, फोन माह्यापाशी आहे.

रिपोर्ट आला? किती निघालं हिमोग्लोबिन?… किती?… आठ? अवो, मांगच्या महिन्यात नऊ होतं ना! वाढाले पाह्यजे तं कमी कसं होऊन राह्यलं?

नर्सबाई काय म्हणे?… हो… हो… चंद्रपूरले? अजून उतरलं तं रक्त चढवा लागन?… रडू नको, ऐक ना. गोळ्या खाते ना?… रोज? बरं. अन् अंगणवाडीतून अंडे भेटते ते?

…नाई खात म्हंजे? काऊन?

कुठी ठेवले?… एक डाव परत सांग… कोंबडीखाली?!

नऊच्या नऊ? अवो ताई, सातवा महिना लागला तुले! अंडे तुह्यासाठी आले का तुह्या सासूच्या कोंबडीसाठी?

नाई, हळू नाई बोलत मी. जाऊ दे ऐकू. पोषण सप्ताहात अख्ख्या शाळेसमोर माईकवर बोलली मी याच्यावरच. एका बाईले काऊन भेऊ? दे त्याईले फोन… नाई खात तुह्या सासूले. दे!

हॅलो, सुगंधामावशी? नमस्कार… हो, जेवली… आई बरी आहे… हो, दहावीच हाय औंदा… मावशी, मी भांडाले नाई… बरं, भांडालेच मांगतला फोन.

उष्ण असते?… गरमीत पोटुशा बाईले सोसत नाई?… मंग तुमच्या पोराचं काय? हेमराजभाऊजी घुग्घुसच्या खाणीतून सुटले का ठेल्यावर भर मे महिन्यात डबल आम्लेट हाणते, त्याईले नाई होत गरमी? खाणीत काय बर्फ पडते?… तो माणूस आहे म्हंजे? अन् माही बहीण कोन आहे?

काय?… हो, माह्या बाबाले मना केलं डॉक्टरनं. पण सारं अंडं नाई, पिवळं कमी करा म्हटलं. त्याईले शुगर आहे, कोलेस्टेरॉल वाढलं आहे. ताईले काय आहे? रक्त कमी आहे! बाबाचा चष्मा ताईले लावान काय?

नाई… नाई… अंड्यानं एका दिवसात रक्त नाई वाढत, समजते मले. गोळ्या लागते, पालेभाजी लागते. पण पोटातल्या लेकराचं मांस कशानं बनन? वरणाच्या पाण्यानं?

…पिल्लं निघतीन? मावशी, त्यातून पिल्लं निघतच नाई! फार्मवरचे अंडे आहेत ते, तिथी कोंबडाच नाई राहत. एकवीस दिवस बसवा का एकशे वीस!… खोटं वाटते? किती दिवस झाले बसवून?… बारा. टॉर्च आहे ना मोबाइलात? कोंबडी बसली त्या खोलीत जा, दार लावून अंधार करा. एक अंडं उचला… टोचली? टोचनच ना! आता अंड्यामांगं टॉर्च धरा. जीव धरला असता तं आतमंधी लाल शिरा दिसल्या असत्या. दिसते काय?… नुसतं पिवळं? दुसरं पाहा… तिसरं…

…सारे तसेच? मंग मावशी, पिल्लं पाह्यजे तरी कायले होते?

काय?… कोनासाठी?

…बाळंतपणात ताईले गावठी कोंबडीचा रस्सा भेटावा म्हणून?… तुमच्या टायमाले तुमाले कोनी नाई देल्ला…

…हं. हे मले माहीत नव्हतं. तुमी ताईले बी नाई सांगतलं.

पण मावशी! रस्स्याची कोंबडी व्हाले पाच महिने लागते, लेकरू तीन महिन्यात येऊन राह्यलं! तवर ही उपाशी राहीन काय?

आता ते अंडे फेका… नाई, उकडून बी नाई! बारा दिवस कोंबडीच्या गरमीत पडले ते, सडले असतीन. हिचं पोट बिघडलं तं तुमच्या गावात दवाखाना आहे काय? गाडी कवा येईन, पोंभुर्ण्याच्या दवाखान्यात कवा पोचान?… आजचे ताजे किती आले?… तीन. काढा टोपलीतून. एक आताच उकडा. कच्चं नाई, अर्धं कच्चं नाई, पक्कं. पाणी उकळलं का दहा मिनिट.

मी ठेवत नाई फोन. बसून आहो. द्या ताईले.

ताई, बारा दिवस तू काऊन चूप होती वो?… सासू आहे म्हणून?… घरात भांडण नको म्हणून?… ऐक, ऐक, मले तुहाच राग येऊन राह्यला आता. कोंबडीखालून एक अंडं काढलं तं तिनं मावशीले टोचलं. ते बी फुकटचं अंडं, आतमंधी काहीच नाई. अन् तुह्या पोटात तं खरंखुरं लेकरू आहे, तू एक शब्द नाई बोलली!

…हसते काय? मी हसून नाई राह्यली!

हो, रागावते मी. तुले रक्त चढवलेलं पाहाले चंद्रपूरले नाई येणार मी, सांगून ठेवते… येईन, पण भांडत येईन.

झालं उकडून?… सोल मंग… तू नाई? कोन सोलून राह्यलं?

…मावशी?

…बरं. मीठ लावा म्हणा थोडंसं. खा. पिवळं बी खा, ताई. फोन तोंडाजवळ धर, ऐकू येऊ दे मले… गिळू नको, चाव… हं.

हे कोन बोंबलून राह्यलं मांगं?… कोंबडी? तिच्याखालचे सारे काढले काय?

बोंबलू दे तिले. तू खा… अन् उद्याचं बी… हॅलो?… ताई?… हॅलो?… गेली वाटते रेंज.