नीट बघून घेतलेला कॉम्प्युटर

...आणि वर तो कॉम्प्युटरवाला मलाच म्हणतो काय, "काका, घाई करू नका, नीट बघून घ्या!" अरे, घाई? सव्वा वर्ष तुझ्या दुकानाची पायरी झिजवतोय मी! सव्वा वर्षात माणसाचं पोर चालायला लागतं, आणि माझी खरेदी अजून संपत नाही! तुम्हाला सांगतो, जगातलं सगळ्यात घातकी वाक्य कुठलं असेल तर ते हे. त्यापेक्षा शिवी परवडली. शिवी दिली की माणूस निदान उठून निघून तरी जातो. 'नीट बघून घ्या' म्हटलं की बसतो. बघत.

आणि हे मला सांगतायत! मी बावीस वर्षं बुटांच्या दुकानात लोकांच्या पायाशी बसलोय. गिऱ्हाईक येतं, चौदा जोड काढायला लावतं, घालून चालतं, आरशात बघतं, परत पहिला मागतं, आणि शेवटी "बघून येतो" म्हणून जे जातं ते जातंच! या 'बघून येतो'वाल्यांना मी मनातल्या मनात काय काय म्हटलंय ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. आणि आता मी काय करतो? त्या कॉम्प्युटरवाल्याला चौदा खोकी काढायला लावतो, उलटीपालटी करतो, मागचं बारीक अक्षर वाचतो, आणि म्हणतो... "बघून येतो."

आता तुम्ही म्हणाल, या वयात गेम खेळायचा कॉम्प्युटर? एकावन्न वर्षांचा घोडा! हसा, हसा. बायकोही हसली. म्हणाली, "केस गेले, आता डोळेही घालवा." पण मला गेम खेळायचाच नाहीये हो! मला माझ्या भावाशी बोलायचंय.

आता ऐका. दादा सहा वर्षं माझ्याशी बोलत नाही. फोन करा, उचलत नाही. घरी जा, वहिनी पाणी आणून देते, बिचारी दोन शब्द बोलते, आणि हा आतल्या खोलीत खोकत बसतो. म्हणजे घरात आहे हे मला कळावं म्हणून खोकतो! तर एक दिवस पुतणी, म्हणजे दादाची मुलगी, दुकानात बूट घ्यायला आली. म्हणाली, "काका, बाबांनी नोकरी सोडल्यापासून नवीन खूळ घेतलंय. रोज संध्याकाळी सहाला कानाला हेडफोन लावून गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतात. आणि सगळ्यांशी बोलतात! कोण कुठला माणूस, ओळख ना पाळख, त्याला जेवलास का विचारतात. तुम्ही या ना तिथे. तुमच्याशीही बोलतील." मी तिला बुटावर वीस टक्के सोडले. माझ्या खिशातून.

झालं, कॉम्प्युटर घ्यायचा ठरला. पैसे बेताचे, म्हणून तयार नको, एकेक भाग घेऊन जोडून घेऊ. तिथेच पाय घसरला. आमच्या दुकानात हिशेब लिहिणारा एक आहे, त्याला आम्ही सर्वज्ञ म्हणतो. त्याला मी फक्त विचारलं, कुठला घेऊ? त्यानं पेनाला टोपण लावलं. सर्वज्ञानं टोपण लावलं की समजायचं, आता तास गेला. "हे बघा, प्रोसेसर म्हणजे मेंदू, मेंदूत काटकसर करायची नाही. ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्र दाखवणारा भाग, सगळा गेम त्याच्या जिवावर, त्यात तर मुळीच नाही. पॉवर सप्लाय म्हणजे हृदय, त्यात केली तर जळून राख." अरे बाबा, मग काटकसर करायची कशात? "ते तुम्ही ठरवा. पण घाई करू नका, नीट बघून घ्या!"

बरं, बघतो म्हटलं. बघायला बसलो आणि कळलं, यातला एक भाग दुसऱ्याचं नाव ऐकल्याशिवाय हलतच नाही! जरा बरं कार्ड घ्यावं, तर त्याला वीज जास्त लागते. वीज जास्त, तर पॉवर सप्लाय मोठा. तो मोठा, तर कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्या पेटीत भरायचं ती पेटी, तीही मोठी. पेटी मोठी, तर टेबलावर मावत नाही. म्हणजे कार्डाच्या चौकशीला गेलेला माणूस संध्याकाळी सुताराकडे उभा! मी जावई शोधत होतो की कॉम्प्युटर, मला कळेना.

आणि किमती? आज बघावी, उद्या दुसरीच. मोबाईलवर एक जण रोज व्हिडिओ टाकतो. पोरगेलासा आवाज, खोलीत निळे-जांभळे दिवे, "दोस्तांनो, हे कार्ड आत्ता घेऊ नका, दोन महिन्यांत नवीन येतंय, जुनं स्वस्त होईल!" थांबलो दोन महिने. नवीन आलं. जुनं महाग झालं! का, तर म्हणे संपत आलंय. परत त्याचाच व्हिडिओ: "दोस्तांनो, मागचं घ्यायला हवं होतं." अरे, तुझ्या त्या दिव्यांना लागो आग!

मधेच पॉवर सप्लाय स्वस्तात मिळाला म्हणून घेऊन ठेवला. एक वर्षाची हमी. तो कपाटात. मग जुन्या बाजारातून प्रोसेसर आणला, एकदम झकास, चार महिने घासाघीस करून. मग मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर सगळं बसवायचं ती पाटी, ती आणली तीनशे जणांची मतं वाचून. घरी येऊन प्रोसेसर ठेवायला जातो तो काय... बसेना! खाच वेगळी! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी लोकांना सांगतोय, बाई, सहा नंबरच्या पायाला पाचचा बूट दाबून घालू नका. आणि मी त्या पाटीवर प्रोसेसर अंगठ्यानं दाबत होतो! बायको दारातून म्हणाली, "वापरून सैल होईल."

पाटी बदलायला गेलो तर दुकानदार म्हणतो, "काका, तुम्ही नीट बघून घ्यायला हवं होतं." त्याच्या गळ्यापर्यंत गेलेला हात मी खिशात घातला.

पण एक सांगू? त्या दिवशी घरी येताना मी रस्त्यात थांबलो. आई आठवली. सहा वर्षांपूर्वी ती आजारी पडली तेव्हा दादाकडे होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. दादा या हॉस्पिटलात विचार, त्या हॉस्पिटलात विचार, हा डॉक्टर बरा की तो, याचा हात चांगला पण मशीन जुनी, त्याची मशीन नवी पण माणूस नवखा... वही केली होती त्यानं, रकाने पाडून. आणि जो भेटेल तो काय सांगायचा त्याला? घाई करू नका, नीट बघून घ्या! तीन आठवडे गेले. मग आई गेली. आणि मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर, सगळ्या नातेवाइकांसमोर, दादाला म्हणालो, "तू निवडत बसलास." तीन शब्द. बास. त्या तीन आठवड्यांत मी स्वतः कुठे होतो? दुकानात. बूट दाखवत. सीझन होता ना!

एका पाटीसाठी मी तीनशे मतं वाचली हो. त्यानं तर आईसाठी वाचली होती. माझं चुकलं. एवढंच सांगायचं होतं मला त्याला. रस्त्यात उभा राहून रडलो मी, मदरबोर्डचं खोकं छातीशी धरून. एक भला माणूस म्हणाला, "काय झालं काका?" मी म्हटलं, "खाच वेगळी निघाली." काय सांगणार दुसरं?

असो. दुसरी पाटी घेतली, आणि चौदाव्या महिन्यात जमलं सगळं. कार्ड पेटीपेक्षा दोन बोटं लांब निघालं, म्हणून पेटीची एक बाजू उघडीच आहे. पॉवर सप्लायची हमी कपाटातच संपली होती. पण बटण दाबलं आणि पडदा उजळला! पुतणीनं दादाला सांगून ठेवलं, आज सहाला काका येणार. "बरं" म्हणाला म्हणे. 'बरं' म्हणाला! मी दुपारपासून नवा शर्ट घालून बसलो. हेडफोन लावला. सहा वाजले. आणि कानात...

"धाकट्या? आलास का रे?"

सहा वर्षांनी! मी म्हटलं, दादा, आलो. दादा, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं, तू तुझ्यापरीनं केलंस, मी तर काहीच केलं नाही... सगळं, सगळं बोललो, धाय मोकलून. बायको स्वयंपाकघरातून येऊन पाठीवर हात ठेवून उभी. आणि कानात दादा, "हॅलो? धाकट्या, आहेस ना? बोल ना रे काहीतरी." मी म्हटलं, बोलतोय की! तो परत, "सहा वर्षांनी आलास आणि तोंड शिवून बसलास?" मी ओरडलो. शेजारी दारात आले, पण दादाला ऐकू जाईना! मग म्हणाला, "बरं. तुझा राग नाही गेला अजून. राहू दे." आणि गेला.

पुतणीला फोन केला. म्हणाली, "काका, तुमच्या हेडफोनला माईक आहे का?" म्हटलं, तो वेगळा असतो? अहो, चौदा महिन्यांत ती एकच वस्तू मी न बघता घेतली होती! कीबोर्डवर फुकट मिळाली होती! ऐकायची सोय आहे त्यात, बोलायची नाही. तिनं दादाला समजावलं. तो म्हणतो, "सारवासारव करतोय. लहानपणापासून असाच आहे." टाईप करून पाठवा म्हणाली. 'माझं चुकलं' ही काय टाईप करायची गोष्ट आहे?

तर आता माईक. त्याला आज महिना झाला. टेबलावर ठेवायचा, कॉलरला लावायचा, वाकणाऱ्या मानेचा, फुंकर न ऐकू येणारा... बायको वैतागून म्हणते, "अहो, कुठलाही एक उचला आणि या घरी!" कुठलाही कसा उचलू हो? माझ्या भावाशी बोलायचंय मला त्यातून!

एकतीस होते. दोनावर आणलेत.